४.३ आणि ४.६ रेटिंगमध्ये खरंच फरक असतो का? स्टार बघून वस्तू घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की दोन जवळपास सारख्याच वस्तू आहेत, एकीला ४.३ स्टार आणि दुसरीला ४.६, तर सरळ ४.६ वाली घेऊन मोकळं व्हावं का, आणि आपण स्वतः रेटिंग देताना नक्की काय बघून द्यायचं. पहिल्याचं उत्तर नाही, नुसत्या तेवढ्या आकड्यावर तरी नको. रेटिंग बघूच नका असं म्हणत नाहीये, मी स्वतः काहीही ऑर्डर करायच्या आधी बघतेच बघते, पण तो आकडा म्हणजे कुणीतरी वस्तू तपासून दिलेले मार्क आहेत असं आपण नकळत धरून चालतो आणि तसं ते अजिबात नसतं. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कारणांनी दिलेल्या स्टारची ती सरासरी आहे, आणि सरासरी काढली की ती कारणं पुसली जातात.

एकदा गणित करून बघा म्हणजे पटेल. समजा १०० जणांनी रेटिंग दिलंय, त्यातल्या ८० जणांनी ५ दिले, ५ जणांनी ३ आणि १५ जणांनी १, तर सरासरी येते ४.३. आता दुसऱ्या वस्तूला ३० जणांनी ५ आणि उरलेल्या ७० जणांनी ४ दिले, तिचीही सरासरी बरोब्बर ४.३ च. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरी वस्तू सगळ्यांना बरी वाटली, कुणी डोक्यावर घेऊन नाचलं नाही पण कुणाची फसगतही झाली नाही. पहिलीत मात्र दर सहा-सात जणांमागे एकाच्या पदरात भलतंच काहीतरी पडलंय. मला रोज वापरायची वस्तू हवी असेल आणि परत पाठवायची कटकट नको असेल तर मी दुसरीच घेईन, पण वरवर बघितलं तर दोन्हींवर तोच आकडा! म्हणून सरासरीवर क्लिक करून ते आडवे पट्टे उघडून बघायचे, कुठल्या स्टारला किती टक्के लोक आहेत ते तिथे दिसतं. १ स्टारचा पट्टा अंगावर आला तर ४.६ असो की आणखी काही, मी आधी तिथेच जाते.

ते पट्टे बघितलेत की एक गोष्ट तुमच्या लगेच लक्षात येईल, ५ चा पट्टा लांबलचक, १ चा त्याहून लहान पण दिसण्यासारखा आणि २, ३ अगदी किरकोळ. बहुतेक वस्तूंचं असंच असतं. अभ्यास करणारे लोक याला इंग्रजी ‘जे’ अक्षराचा आकार म्हणतात. कारण साधं आहे, वस्तू आली आणि नीट चालली तर आपण ती वापरायला लागतो आणि विसरून जातो, लिहायला बसतो तो एक तर प्रचंड खूश झालेला असतो नाहीतर पार वैतागलेला. यूट्यूबवर सुरुवातीला पाच स्टारच होते, २००९ मध्ये त्यांनीच सांगितलं की लोक जवळपास सगळीकडे ५ च देतात, मग २०१० मध्ये स्टार काढून लाइक-डिसलाइक आणलं. नेटफ्लिक्सनेही २०१७ मध्ये स्टार काढले आणि त्यांचं कारण मला जास्त इंटरेस्टिंग वाटतं. लोक एखाद्या गंभीर डॉक्युमेंटरीला ५ स्टार द्यायचे आणि हलक्याफुलक्या सिनेमाला ३, पण प्रत्यक्षात बघायचे तो हलकाफुलका सिनेमा. म्हणजे स्टार देताना माणूस ‘हे चांगलं आहे का’ याचं उत्तर देत होता, आणि कंपनीला हवं होतं ‘तुला हे बघायला आवडतं का’ याचं. शिवाय तिथे दिसणारे स्टार ही जगाची सरासरी नव्हतीच, तुम्हाला ते किती आवडेल याचा तो अंदाज होता, आणि बघणाऱ्यांना तो लोकांचा निकाल वाटायचा.

वस्तूंच्या बाबतीत तर एकाच बटणावर किती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं येऊन पडतात! मध्ये मला लॅपटॉप ठेवायला एक सॅक घ्यायची होती, तेव्हा मी एका सॅकचे रिव्ह्यू वरपासून खालपर्यंत वाचून काढले होते. १ स्टारवाल्यांपैकी कुणाचं पार्सल उशिरा आलं होतं, कुणाला फोटोत निळा दिसणारा रंग प्रत्यक्षात जांभळट वाटला, एकाने तर ‘पैसे परत मिळायला वेळ लागला’ म्हणून १ दिला होता आणि सॅकबद्दल अवाक्षर नाही. ५ स्टारवाले बरेच जण ‘आजच मिळाली, मस्त आहे’, अहो आजच मिळाली तर तिचा पट्टा वर्षभर टिकणार की नाही हे तुम्हाला आज कसं कळणार? कामाचं जे काही होतं ते ३ स्टारवाल्यांनी लिहिलेलं होतं. एक बाई लिहितात की कापड उत्तम आहे, पाऊस आत येत नाही, पण मोठ्या कप्प्याची चेन कोपऱ्यावर वळताना अडकते आणि जोरात ओढली की तिथली शिवण उसवायला लागते. दुसऱ्या एकाने खाली शिवण उसवलेला तोच कोपरा फोटो काढून टाकलेला. दोन अनोळखी माणसं, वेगवेगळ्या महिन्यांत, एकाच कोपऱ्याबद्दल बोलतायत म्हटल्यावर तो योगायोग नाही. त्यावर मी ती सॅक सोडली, आणि तिचं रेटिंग चांगलं भरभक्कम होतं हे मुद्दाम सांगते.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे, आधी ३ आणि २ स्टारचे रिव्ह्यू, मग सगळ्यात नवे आधी असं लावून वाचायचं, कारण कंपनी माल बदलते, कारखाना बदलते आणि जुने कौतुकाचे रिव्ह्यू तसेच चिकटून राहतात. अ‍ॅपच्या बाबतीत हे ओळखूनच गुगल प्ले स्टोअरने २०१९ पासून आकडा काढताना ताज्या रेटिंगना जास्त वजन द्यायला सुरुवात केली. काही विक्रेते तर जुन्या वस्तूच्या पानावर नवीच वस्तू आणून बसवतात, म्हणजे विकायला असतो हेडफोन आणि खाली लोक मोबाइलच्या कव्हरबद्दल लिहितायत, असं दिसलं की सरळ बाहेर पडा.

आता किती जणांनी रेटिंग दिलंय हा मुद्दा. चार-पाच जणांनी दिलेला ५.० आणि हजारो जणांनी दिलेला ४.५ यात ४.५ जास्त विश्वासाचा, हे बहुतेकांना कळतं, पण मधल्या केसेसमध्ये गोंधळ होतो. त्यासाठी लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमावरून आलेली एक सोपी युक्ती आहे. दोन काल्पनिक माणसं मनातल्या मनात वाढवायची, एक खूश आणि एक नाखूश. १० पैकी १० जण खूश असतील तर ते झाले १२ पैकी ११, म्हणजे साधारण ९२ टक्के. ५० पैकी ४८ खूश असतील तर ५२ पैकी ४९, म्हणजे ९४ टक्के. थोडक्यात तो शंभर टक्केवाला मागे पडला. आयएमडीबी या सिनेमांच्या साइटची टॉप २५० ची यादी याच विचारावर चालते, मतं कमी असतील तर सिनेमाचा आकडा एकूण सरासरीकडे ओढला जातो. पण याची दुसरी बाजूही आहे हं, नुसती मोठी संख्या बघून भुलू नका. हजारो लोकांनी मिळून ३.१ दिलं असेल तर ती वस्तू सुमार असल्याची उलट जास्तच खात्री पटते, तरी ‘एवढ्या लोकांनी घेतलीय म्हणजे बरी असेल’ म्हणून ती घेणारे भरपूर असतात.

आणि स्टारवरून टिकाऊपणा, सुरक्षितता असल्या गोष्टी तर ठरवूच नका. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० प्रकारच्या मिळून १,२७२ वस्तूंचे ऑनलाइन स्टार आणि कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन संस्थेने स्वतः तपासून दिलेले गुण शेजारी ठेवून बघितले, तर दोन्हींचा मेळ फारच कमी बसला, महाग वस्तू आणि नावाजलेला ब्रँड असला की लोक आपोआप जास्त स्टार देतात हेही त्यात दिसलं. स्वाभाविक आहे म्हणा, घरी बसून आपण कारमधल्या लहान मुलांच्या सीटची टक्कर-चाचणी थोडीच करतो. अशा वस्तूला तपासणीचे रिपोर्टच शोधायचे.

खोट्या रिव्ह्यूंबद्दल सगळेच बोलतात त्यामुळे मी थोडक्यात आवरते. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकत घेणं-विकणं याच्या विरोधात नियम लागू झालाय, तरी धंदा पूर्ण थांबलाय असं समजायचं कारण नाही. ज्याने खरंच वस्तू घेतलीय त्यालाच लिहिता येतं की कुणालाही, हा फरक बघा, तोच जास्त महत्त्वाचा.

आता दुसरा भाग, आपण रेटिंग देताना काय करायचं. इथे मला मनापासून एक गोष्ट सांगायची आहे, वस्तूला स्टार देणं आणि माणसाला स्टार देणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत आणि स्क्रीनवर त्या अगदी सारख्या दिसतात. कॅबमधून उतरलात, ड्रायव्हर नीट बोलला, वेळेत पोचवलं, तुम्ही विचार केला की चांगलं होतं पण अगदी ग्रेट असं काही नाही, म्हणून ४ दिले. तुमच्या डोक्यात ४ म्हणजे ‘चांगलं’. पण उबरसारख्या अ‍ॅपवर ड्रायव्हरची सरासरी ठरावीक आकड्याच्या खाली गेली तर त्याचं खातं बंद होऊ शकतं, आणि तो आकडा ३ वगैरे नसतो, साडेचारच्या वरही असू शकतो. म्हणजे तुमचे ४ त्याला खालीच ओढतात. त्याच्या पट्टीवर ५ म्हणजे ‘पास’ आणि बाकी सगळं ‘नापास’. ट्रॅफिक लागलं, मॅपने चुकीचा रस्ता दाखवला, पाऊस पडत होता, यातलं काहीही त्या माणसाच्या हातात नव्हतं, तरी त्याचा राग शेवटी त्याच्याच नावावर जमा होतो. पार्सल आणून देणाऱ्याचं, कस्टमर केअरवर फोन उचलणाऱ्याचं तेच. चूक कंपनीच्या धोरणाची आणि मार्क कापले जातात फोन उचलणाऱ्या पोरीचे! म्हणून माणसाने आपलं काम केलं असेल तर मी ५ देते, त्यात हात आखडत नाही. बेफाम गाडी चालवली, उर्मटपणा केला, असं खरंच काही घडलं तर मात्र कमी स्टार द्यावेत आणि तेवढ्यावर न थांबता तक्रारीच्या जागी नीट लिहावं, कारण नुसत्या १ स्टारवरून नेमकं काय झालं ते समोरच्याला कळतच नाही.

दोघं एकमेकांना रेटिंग देतात तिथे आणखी एक गंमत होते, भीतीपोटी लोक खरं लिहीत नाहीत. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर विक्रेते सूड म्हणून ग्राहकालाच वाईट शेरा द्यायचे, शेवटी २००८ मध्ये विक्रेत्यांनी ग्राहकाला वाईट शेरा देणंच बंद केलं गेलं. राहायला घरं भाड्याने मिळतात त्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये असं केलं की पाहुणा आणि घरमालक दोघांनी लिहून होईपर्यंत किंवा १४ दिवसांची मुदत संपेपर्यंत कुणाचंच कुणाला दिसत नाही. तेव्हा अशा ठिकाणी सगळं ५ च ५ दिसलं तर ते थोडं कमी करूनच धरा.

वस्तूला मात्र बिनधास्त ३ द्या, ३ हे काही वाईट वागणं नाही. बाकीच्यांनी काय दिलंय ते आधी बघू नका, कारण पहिल्या मताचा परिणाम होतोच, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एका बातम्यांच्या साइटवर केलेल्या प्रयोगात कमेंटला मुद्दाम पहिलं एक मत बाजूने (अपव्होट) दिलं तर तिचा शेवटचा स्कोअर सरासरी २५ टक्के जास्त गेला होता. पार्सल आल्या आल्या रेटिंग मागणारा मेसेज येतो, अ‍ॅपही आपण खुशीत असतो त्या क्षणी विचारतात, तेव्हा काही देऊ नका, आधी वापरा. मग कुरिअरबद्दल वेगळं आणि वस्तूबद्दल वेगळं लिहा, किती दिवस वापरली आणि कशासाठी वापरली ते लिहा, माझी उंची कमी आहे म्हणून पट्टा लांब वाटला असं काही असेल तर तेही लिहा, कारण वाचणारा स्वतःशी ताडून बघणार असतो. आणि बऱ्याच साइटवर आपला जुना रिव्ह्यू नंतर बदलता येतो हे लोकांना माहीतच नसतं, सहा महिन्यांनी चेन तुटली तर तिथेच जाऊन तारीख घालून दोन ओळी वाढवा, फोटो असेल तर तोही टाका.