अफगाण निर्वासित आणि पाकिस्तान: मुदतवाढीवर काढलेली चाळीस वर्षं

"चाळीस वर्षं सांभाळलं, आता परत पाठवलं तर पाकिस्तानचं चुकलं काय?" हा तुमचा प्रश्न रास्त आहे. सांभाळलं हे खरंच. 1979 मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि लोंढे सुरू झाले. 1980च्या दशकाच्या अखेरीस एकट्या पाकिस्तानात तीस लाखांहून जास्त अफगाण होते. पेशावर, क्वेट्टा भागात पाण्यावर, दवाखान्यांवर, रोजंदारीवर ताण आला. तिथल्या गरिबांची तक्रार खोटी नाही.

पण एवढ्या वर्षांत या आश्रयाला कायद्याचा आधार मिळाला नाही, आणि मूळ दुखणं तेच आहे. 1951च्या निर्वासित करारावर पाकिस्तानची सही नाही (आपलीही नाही). निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे लागू होतो तो फाळणीआधीचा, 1946चा परकीय नागरिक कायदा. त्याच्या लेखी जीव वाचवायला आलेला आणि चोरून घुसलेला सारखेच. सगळी भिस्त कार्डावर. 2006-07 मध्ये पीओआर (नोंदणीचा पुरावा) कार्डं दिली, 2017 मध्ये एसीसी (अफगाण नागरिक कार्ड) नावाची दुसरी. मुदत संपत आली की सरकार थोडी वाढवून देई. आदेश निघेपर्यंत माणूस टांगणीला आणि पोलिसांना चिरीमिरीची सोय. तिथेच जन्मलेल्यांनाही नागरिकत्व नाही. इम्रान खान यांनी 2018 मध्ये ते देण्याची घोषणा केली. विरोध झाला, विषय तिथेच थांबला.

ऑक्टोबर 2023 मध्ये कागद नसलेल्यांना 1 नोव्हेंबरपर्यंत निघायला सांगितलं. तोरखम आणि चमनच्या सीमा नाक्यांवर संसार लादलेल्या ट्रकांच्या रांगा लागल्या. मला जास्त अस्वस्थ करतं ते पुढचं: 2025 मध्ये एसीसीवाल्यांना 31 मार्चची मुदत दिली आणि 30 जूनला संपलेली पीओआर कार्डंही वाढवली नाहीत. म्हणजे रीतसर नोंदणी केली त्यांचीही सुटका नाही.

सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, पाकिस्तानात हल्ले होतात. पण संशय असेल त्या माणसाची चौकशी करा ना! 2021 मध्ये तालिबान परत सत्तेवर आल्यावर पळून आलेले पत्रकार, न्यायाधीश, जुन्या सरकारचे सैनिक, सहावीनंतर शाळा बंद झालेल्या मुली, यांना सरसकट तालिबानच्या हाती देणं मला मान्य नाही. जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत ढकलू नये, हा नियम सही न केलेल्या देशांनाही लागू मानला जातो.

दोष एकट्या पाकिस्तानचा नाही. अमेरिकेत आसरा मिळेल म्हणून हजारो अफगाण इस्लामाबादमध्ये थांबले होते. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने निर्वासितांना घेण्याचा कार्यक्रमच थांबवला. ते तिथेच अडकले, आणि अनेकांच्या पाकिस्तानी व्हिसाची मुदतही संपली.