उंदरांची परीक्षा आणि आईच्या गोळ्या

ताई, तुम्ही लिहिलंत की आई चुलीवर भाजी ठेवून वावरात निघून जाते, आणि ‘उंदरांची स्मरणशक्ती वाढली’ अशा जाहिरातीची कॅप्सूल मागवू का. मागवू नका. उंदरांना अल्झायमर आपोआप होत नाही, त्यांच्यात जनुकं घालून तो आणावा लागतो. अशा उंदरांवर गुण आलेली कितीतरी औषधं माणसांत फसली आहेत.

पण उंदरांचं काम वाया गेलेलं नाही. नागपूरला प्रयोगशाळेत मी तेच काम बरीच वर्षं केलं. मोठं गोल टाकं, दुधाने पांढरं केलेलं पाणी, त्यात पृष्ठभागाच्या जरा खाली लपवलेला छोटा पाट. मेंदूचे अभ्यासक रिचर्ड मॉरिस यांनी 1981 मध्ये मांडलेली ही परीक्षा. तरणा उंदीर काही दिवसांत भिंतीवरच्या खुणा पाहून सरळ पाटावर जातो. दोन वर्षांचा म्हातारा बरेचदा काठाकाठानेच पोहत राहतो. आत्ताच त्याला पाटावरून उचललेलं असतं, तरी पुन्हा काठ धरतो. फार वाईट वाटायचं बघताना. मात्र काही म्हातारे तरण्यांच्या बरोबरीने पोहतात, हेही तितकंच खरं.

आता तरण्याला स्कोपोलामिन टोचा, तोही काठ धरतो. हे द्रव्य आपल्या बांधावरच्या धोतऱ्यात असतं. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलीनची वाट ते अडवतं. डोनेपेझिल ही स्मृतिभ्रंशाची गोळी उलट चालते: ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला थोडा वेळ आवरते. कपाशीवर वर्षानुवर्षं फवारलं गेलेलं मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशकही त्याच एन्झाइमला धरतं, पण सहजी सोडत नाही. म्हणून फवारणीत विषबाधा झाली की लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या बारीक होतात, आणि दवाखान्यात ॲट्रोपिन देतात. तेही धोतऱ्यात सापडतंच.

म्हणून मला आधी सांगा, आई कोणत्या गोळ्या घेते? सर्दी-खाजेची क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी किंवा पायांच्या आगीसाठी ॲमिट्रिप्टिलीन, लघवी आवरायची ऑक्सिब्युटिनिन, या तिन्ही कमीअधिक धोतऱ्याचंच काम करतात, आणि म्हाताऱ्या मेंदूला ते जास्त बाधतं. मेडिकलमधून मागून आणलेली सर्दीची गोळी तर घरात कोणी औषध म्हणून मोजतच नाही. माझी मावशी झोप लागते म्हणून ती रोज रात्री घ्यायची, आम्हाला पत्ताच नव्हता.

मनाने काही बंद करू नका. सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, बी12 आणि थायरॉइड तपासायलाही सांगा. आईला कधीपासून विसरायला होतं आणि त्याच सुमारास कोणती गोळी सुरू झाली, तेवढं आठवून लिहून न्या.