केबलमध्ये हवा भरायचा हँडपंप : काटा खाली आला म्हणजे लीकच का?

प्रश्न : आमच्याकडे कागदी इन्सुलेशनची जुनी टेलिफोन केबल आहे, नुकताच एक जॉइंट नवीन केलाय. हवा भरायला हँडपंप आलाय, सोबत निळ्या खड्यांची पारदर्शक बाटली पण आहे. ती बाटली न लावता सायकलसारखं थेट व्हॉल्व्हला जोडून भरलं तर चालेल का? आणि भरल्यावर थोड्या वेळात प्रेशरचा काटा खाली येतो, म्हणजे जॉइंट लीक आहे का?

उत्तर : बाटलीशिवाय एक स्ट्रोकसुद्धा मारू नका, अगदी कळकळीने सांगतोय. केबलमध्ये हवा भरायची ती पाणी बाहेर ठेवायला, आणि तुम्ही बाहेरची दमट हवा दाबून आत घातली की ओल तुम्हीच आत सोडली, कागद ती लगेच शोषतो, मग इन्सुलेशन कमजोर पडतं, लाईनवर खरखर येते, दुसऱ्याचं बोलणं ऐकू येतं. बाटलीतले खडे म्हणजे सिलिका जेल. निळे असतील तर कोरडे, गुलाबी झाले की ओल धरली, तेव्हा काढून साधारण १२० अंशांवर परत निळे होईपर्यंत तापवा, गार झाल्यावर लगेच बाटलीत भरून झाकण घट्ट लावा.

जोडणीचा क्रम असा : पंप, मग बाटली, मग गेज (प्रेशर दाखवणारा काटा), मग नळी आणि शेवटी केबलचा व्हॉल्व्ह. पंप कोरड्या जागी, फळीवर पक्का बसवा, मॅनहोलच्या तळाशी नको कारण तिथली हवा सगळ्यात दमट (आणि मॅनहोलमध्ये उतरायच्या आधी वारा खेळू द्या, गॅस तपासा, यात घाई करूच नका). बाटली उभीच ठेवा, आडवी ठेवली की खडे खाली बसतात, वर फट पडते आणि हवा खड्यांना न शिवता वरच्यावर निघून जाते. हे बारीक वाटतं पण बऱ्याच ठिकाणी इथेच चुकतं.

केबलला लावायच्या आधी नळीचं तोंड बंद करून नुसत्या पंप-बाटली-गेजच्या सेटमध्ये प्रेशर भरा, वॉशर आणि नट्सवर साबणाचं पाणी लावून बघा, नाहीतर पंपाची गळती केबलच्या नावावर जाते. मग तोंड उघडून थोडे स्ट्रोक मारा म्हणजे नळीतली दमट हवा निघून जाईल, आणि मगच व्हॉल्व्हला जोडा. जॉइंटची स्लीव्ह (जॉइंटवरचं नळीसारखं आवरण) गरम असेल तर पूर्ण गार होऊ द्या. स्ट्रोक सावकाश मारा, घाईत हवेला सुकायला वेळच मिळत नाही. साधारण ०.७ किलोला (दर चौरस सेंटिमीटरला), म्हणजे १० पीएसआयला थांबा, त्याच्या वर गेलं तर स्लीव्ह फुगते. केबल बनवणाऱ्याने कमी सांगितलं असेल तर तेवढंच.

आता काट्याचं. लगेच लीक म्हणू नका. केबलच्या आत हवेला जायला वाट फार अरुंद असते, त्यामुळे पंपाजवळ प्रेशर पटकन चढतं आणि मग लांबपर्यंत पसरत पसरत खाली येतं, लांब केबलला तर कित्येक तास लागतात. दोन्ही टोकांची रीडिंग सारखी झाली की तेव्हापासून मोजा. आणि ऊन लक्षात घ्या : १० अंश तापमान उतरलं की ०.७ वर जवळपास ०.०६ चा फरक नुसता गारव्यानेच पडतो, म्हणून रोज एकाच वेळेला बघा. एवढं करूनही काटा उतरतच राहिला तर मात्र साबणाचं पाणी घेऊन जॉइंटवर बसा, बारीक गळतीचा बुडबुडा हळू फुगतो, थोडा धीर धरा.

प्रश्न : पाण्यात बुडालेल्या डक्टमधल्या (जमिनीखालच्या पाइपमधल्या) केबलला किती प्रेशर ठेवायचं? आणि जेलीवाल्या केबलला भरायचं का?

उत्तर : एक मीटर उंच पाण्याचा दाब साधारण ०.१ किलो, तेव्हा वर तीन मीटर पाणी असेल तर त्या जागी आत ०.३ पेक्षा जास्त हवंच, पंपापाशी किती दिसतंय यावर जाऊ नका. जेलीवाल्या केबलला हवा भरतच नाहीत, आतली जागा जेलीनेच भरलेली असते.