केगमधून नुसता फेस? आधी नळी गार करा

ओट्याखाली केग (बिअरचं स्टीलचं पिंप), त्यात सिलिंडरमधून पाच दिवस १२ पीएसआय (दाबाचं माप) दाबाने कार्बन डायऑक्साइड, पाहुणे यायच्या आधी दोन तास बर्फाच्या टबात. तरी पहिले चार ग्लास फेस आणि त्याखालची बिअर मिळमिळीत, असं तुम्ही लिहिलंय. सिलिंडरचा दाब ठरवणारा रेग्युलेटर बदलू नका, तो बिचारा सांगितलं तेवढंच करतोय.

(एक आधीच सांगतो: परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही. माझं बिअरचं सगळं शिक्षण न्यू जर्सीत झालं. इथे परळला त्याच केगमध्ये आलं-लिंबू असतं.)

१२ पीएसआय हा आकडा फ्रिजमधल्या केगसाठी आहे. ४ अंशांना तेवढ्या दाबाने बिअरमध्ये तिच्या आकारमानाच्या साधारण अडीचपट कार्बन डायऑक्साइड वायू मुरतो. तुमच्या मुलुंडच्या स्वयंपाकघरात, ३० अंशांना, त्याच दाबाने जेमतेम १.१ पट. म्हणून मिळमिळीत. तिथे अडीचपट हवा असेल तर ३८ पीएसआयच्या आसपास दाब लागेल, आणि त्या दाबावर नळ उघडलात तर भिंत धुवावी लागेल.

तेव्हा आधी केग गार. १९ लिटर दोन तासांत आतपर्यंत गार होत नाही, रात्रभर तरी द्या. दुसरा फ्रिज ठेवायला जागा कुणाकडे आहे म्हणा! थर्माकोलचा मोठा खोका चालतो, पण नुसता बर्फ नको, बर्फ आणि पाणी, केगच्या खांद्यापर्यंत. फ्रिज असेल तर १२ वर आठ-दहा दिवस ठेवून विसरून जा. घाई असेल तर गार केगला ३० पीएसआयवर एक दिवस द्या, मग गॅस बंद करून केगच्या झाकणावरची दाब सोडायची रिंग ओढा, दाब सोडा आणि १२ वर आणा. ३० वर केग हलवत बसू नका. मी एकदा हलवला आणि पुढचे दोन दिवस जास्तीचा वायू सोडत बसलो.

आता फेस. तुमची नळी दीड फुटाची आहे आणि बाहेर उन्हाळ्यात लोंबकळतेय. गार बिअर गरम नळीत शिरली की वायू तिथेच सुटतो. आतून ५ मिलिमीटरची, तीनेक मीटर नळी घ्या, वेटोळं करून केगबरोबर गारव्यातच ठेवा. लांब नळीत दाब वाटेत जिरतो, ग्लासात बिअर शांतपणे उतरते. नळ मात्र पूर्ण उघडा. फेस दिसला की हात आपोआप नळ अर्धा बंद करतो, आणि त्याने फेस आणखी वाढतो.

कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरच्या मीटरवरून किती गॅस उरलाय ते कळत नाही. आत द्रव आहे तोवर काटा फक्त हवामानाप्रमाणे हलतो. वजनकाट्यावर ठेवून बघा. सिलिंडर उभाच ठेवा, खिडकी उघडी ठेवा, आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते रात्री झोपायच्या आधी बघा. माझा एक अख्खा सिलिंडर केगच्या झाकणाच्या रबरी रिंगेतून रातोरात गेला होता.