मातीवर नको, मातीनं काढ

प्रिय मुली,

तुझं पत्र आणि कामाचे फोटो पोचले. कॅनव्हासवरचा तुझा हात छान मोकळा आहे. त्या फुलदाण्यांवर मात्र तेच चित्र दबकत उतरलंय. फुलदाणीचं पोट कुठे फुगतं, गळा कुठे आत जातो, याच्याशी चित्राला काही देणंघेणंच नाही. पूर्णवेळ सिरॅमिककडे वळायचं तर चित्रकला सोडावी लागेल का, असं तू विचारतेस. अजिबात सोडू नकोस. पण मातीवर चित्र काढणं काही दिवस थांबव आणि मातीनं चित्र काढून बघ.

म्हणजे काय, हे समजून घ्यायचं तर के. जी. सुब्रमण्यन यांचं काम बघ. सगळे त्यांना मणिदा म्हणत. जन्म 1924 चा, केरळातला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्र शिकत असताना स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि पुढे 1944 मध्ये शांतिनिकेतनात दाखल झाले. तिथे शिक्षक कोण, तर नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी आणि रामकिंकर बैज. (आपण हेवा करायचा आणि पुढे जायचं.) 1951 पासून बडोद्यात शिकवू लागले. नाव झालं ते प्रामुख्यानं चित्रकार म्हणून, पण मला विचारशील तर त्यांचं सर्वांत धारदार काम मातीतलं आहे.

लखनौच्या रवींद्रालय या नाट्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर त्यांचं भलंमोठं टेराकोटा (भाजलेल्या मातीचं) भित्तिशिल्प आहे, 1963 सालचं, रवींद्रनाथांच्या ‘राजा’ नाटकावर आधारलेलं. एवढी भिंत कुठल्या भट्टीत मावणार? म्हणून ती हजारो भाजलेल्या तुकड्यांनी रचली. इथे चित्रकाराची नजर कामी आली. तुकड्यांमधले सांधे लपवायच्या फंदात ते पडले नाहीत, सांध्यांनाच त्यांनी रचनेत घेतलं. मोठं काम करायचं म्हटलं की तुम्ही मुलं आधी मोठी भट्टी शोधता. तुकडे कुठे पाडायचे हे आधी ठरव, भट्टीचं नंतर बघू.

मग 1971 च्या सुमाराची, बांगलादेशच्या युद्धावरची त्यांची टेराकोटा उत्थितशिल्पं, म्हणजे सपाट पाटीतून उठून आलेली शिल्पं. छातीवर पदकं मिरवणारे सेनाधिकारी आणि त्यांच्याभोवती छिन्नविच्छिन्न माणसं. पोळीसारखी लाटलेली माती कापली, दुमडली, चिमटीत दाबली, फाडली. त्या फाटलेल्या कडेलाच जखम दिसते, वेगळी रंगवावी लागत नाही. रंगाचा आधार तर जवळजवळ घेतलेलाच नाही. कॅनव्हासवर फाटलेली कातडी दाखवायची तर तुला ती रंगवावी लागेल, मातीत ती खरोखर फाटते. तुझ्या फुलदाण्यांत मला याचीच उणीव भासली.

आता रंगाबद्दल, कारण तुझ्यासारख्या रंगात रमणाऱ्या मुलीला इथेच पहिला धक्का बसतो. ट्यूबमधला रंग जसा दिसतो तसा कॅनव्हासवर लागतो. ग्लेझचं, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा थर होणाऱ्या लेपाचं, तसं नाही. काळपट दिसणारं कोबाल्ट भट्टीतून निळंशार निघतं. तांब्याचं ऑक्साइड भट्टीत भरपूर हवा असेल तर हिरवं येतं आणि हवा कोंडली तर लालही येऊ शकतं. तेच ग्लेझ जाड लागलं की ओघळतं, पातळ लागलं की खरखरीत राहतं. म्हणून चाचणीच्या पट्ट्या कर. प्रत्येकीच्या मागे ऑक्साइडनं नंबर घाल (पेन्सिल भट्टीत उडून जाते) आणि वहीत माती, ग्लेझचं प्रमाण, तापमान आणि भट्टीतली जागा लिही. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय तुझी स्वतःची रंगपेटी तयार होणार नाही. बाजारात मिळणारी तयार ग्लेझं वाईट नसतात, फक्त ती सगळ्यांकडे सारखीच असतात. शिसं असलेल्या ग्लेझला मात्र हात लावू नकोस.

शिल्पाच्या बाबतीत थोडं व्यवहाराचं. वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा टक्के आकसते. 60 सेंटिमीटरचा चेहरा केलास तर हाती 54 सेंटिमीटरचा येईल, तेव्हा माप आधीच वाढवून घे. आतून पोकळ कर आणि हवेला वाट ठेव. जाड भागात ओल राहिली आणि भट्टी घाईनं चढवली, तर वाफ होऊन तुकडा फुटतो आणि शेजारच्यांनाही घेऊन जातो. 573 अंश सेल्सिअसच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झचं आकारमान एकदम बदलतं, चढताना आणि उतरतानाही. तिथे भट्टी सावकाश जाऊ दे. आणि स्टुडिओ कोरड्या झाडूनं झाडू नकोस, ओल्या फडक्यानंच पूस. मातीची बारीक धूळ फुफ्फुसात जाऊन बसते, ती बाहेर येत नाही. सुकलेलं काम घासताना चांगला मास्क लाव. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

घर कसं चालेल, हा तुझ्या आईचा प्रश्न तू शेवटी लाजत लाजत लिहिलायस. त्यात लाजण्यासारखं काय आहे? केवळ शिल्पं विकून जगणारे फार थोडे. मणिदांचंच बघ. 1959 ते 61 ते मुंबईत हातमाग मंडळासाठी डिझाइनचं काम करत होते. बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेच्या जत्रेसाठी खेळणी करत, मुलांसाठी पुस्तकं लिहीत आणि रंगवत. आयुष्यभर शिकवलं, 1980 पासून पुन्हा शांतिनिकेतनात. पद्मविभूषण मिळालं 2012 साली आणि 2016 मध्ये बडोद्यात निधन झालं. पोटासाठीचं काम आणि ‘खरं’ काम अशी भिंत त्यांनी घातलेली दिसत नाही. तूही मग, वाट्या कर, वर्ग घे, एखाद्या आर्किटेक्टसाठी भिंत कर. फक्त आठवड्यातले दोन दिवस कुणाच्याच ऑर्डरचे नसू देत.

शिकायला कुठे जायचं? पुद्दुचेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून भारतातले कितीतरी सिरॅमिक कलावंत घडले. एवढ्या लांब जायचं नसेल तर मुंबईचाच वारसा बघ. जे. जे. कला महाविद्यालयाच्या जोडीनं एकोणिसाव्या शतकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली ‘बॉम्बे स्कूल’ची मातीची भांडी घडत होती. त्यांवर सिंधमधल्या झिलईचं तंत्र आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतली नक्षी एकत्र आली. चित्र आणि माती यांचं जुळवून घेणं आपल्याकडे नवं नाही. त्यातली काही भांडी नुसतीच सजवलेली वाटतात, काहींत मात्र नक्षी भांड्याच्या गोलाईबरोबर फिरते. फोटो मिळतील, दोन्ही प्रकार शेजारी ठेवून बघ.

दिवाळीनंतर मी बिस्कची (ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भाजणीची) भट्टी लावणार आहे, तुझ्यासाठी एक फळी मोकळी ठेवतो. तोवर एक चेहरा कर. ब्रश नाही, कोरणी नाही, फक्त लाटलेली माती आणि बोटं. जाडी बोटभरापेक्षा जास्त नको आणि पुरता वाळलेला आण. ओला आणलास तर परत नेशील.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका