वाचकांचे प्रश्न : दंडावरचा जुना वण पुरेसा आहे का?

प्रश्न : परळच्या एका रुग्णालयात मी अपघात विभागाची परिचारिका आहे. लहानपणी देवी टोचल्याचा वण माझ्या दंडावर अजून आहे. अमेरिकेने 2003 मध्ये आरोग्य आणि आपत्कालीन कर्मचाऱ्यांना देवीची लस दिली, त्यांत पूर्वी टोचलेलेही पुष्कळ होते, असे वाचले. ती मोहीम यशस्वी म्हणावी का? आम्हीही पुन्हा टोचून घ्यावे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्याला आज पुन्हा टोचून घेण्याची गरज नाही. देवीच्या उच्चाटनाची घोषणा मे 1980 मध्येच झाली. आपला वण लस एकदा ‘लागल्याची’, म्हणजे टोचल्यावर तिचा शरीरावर खरोखर परिणाम झाल्याची, खूण आहे, पण पूर्ण संरक्षण साधारण 3 ते 5 वर्षेच धरले जाते.

अमेरिकेची मोहीम जैविक हल्ल्याच्या भीतीतून निघाली. पहिल्या टप्प्यात सुमारे 5 लाख कर्मचाऱ्यांना लस देण्याचे ठरले होते, प्रत्यक्षात सुमारे 40 हजारांनीच ती घेतली. एवढ्यावरून मोहीम फसली असे म्हणणे मला पुरेसे वाटत नाही. किती जणांना टोचले यापेक्षा किती जणांना लस लागली, हे आधी विचारले पाहिजे. पहिल्यांदा लस घेणाऱ्याच्या दंडावर ठसठशीत फोड येतो, पिकतो आणि खपली धरतो. पूर्वी टोचलेल्याच्या दंडावर मात्र कधी नुसती लाली आणि खाजच दिसते, आणि ती जुन्या प्रतिकारशक्तीमुळे आली की लस निकामी होती किंवा सुई नीट टोचली गेली नाही म्हणून, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून सहाव्या ते आठव्या दिवशी जाणकाराने दंड पाहायचा आणि शंका असल्यास पुन्हा टोचायचे, असा नियम आहे. ही नोंद नसेल, तर यादीतल्या नावाला अर्थ उरत नाही.

दुसरी बाजू कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची. लस घेतलेल्यांपैकी काहींच्या हृदयाच्या स्नायूला व आवरणाला सूज आल्याचे आढळले, तेव्हा मार्च 2003 मध्ये हृदयविकार असलेल्यांना वगळण्याची सूचना निघाली. इजा झालेल्यांच्या भरपाईचा कायदा एप्रिलअखेरीस, म्हणजे टोचणी सुरू होऊन तीन महिने लोटल्यावर झाला. नसलेल्या रोगासाठी धडधाकट माणसाने धोका पत्करायचा, तर भरपाईची हमी सुईच्या आधी हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईत कधी अशी वेळ आलीच, तर आपल्या अधिकाऱ्यांना एवढे जरूर विचारा : गरोदर किंवा इसब असलेल्या सहकाऱ्यांना आधी कोण वगळणार, आणि आठव्या दिवशी रात्रपाळी संपवून डोंबिवलीला निघालेल्या परिचारिकेचा दंड कोण पाहणार?