स्टडी दुसऱ्याच्या नावावर गेली? मर्जच्या बटणाला हात लावू नका

पॅक्सची (स्कॅन, एक्स-रे साठवून दाखवणाऱ्या सिस्टिमची) जबाबदारी नवीनच अंगावर आली आहे, रोज सकाळी दहा-पंधरा स्टडी (म्हणजे एकेका तपासणीचे फोटो) अनमॅच्ड, म्हणजे कुठल्याच ऑर्डरशी न जुळलेल्यांच्या यादीत पडलेल्या असतात, टेक्निशियन आयटीकडे बोट दाखवतात आणि आयटी टेक्निशियनकडे. त्यात काल एकाचा छातीचा सीटी दुसऱ्याच पेशंटच्या नावावर चढला, तर दोघांना मर्ज करून निस्तरता येईल का, असं तुम्ही विचारलंय. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून उत्तर लांबणार. वर्कलिस्ट (मशीनवर येणारी करायच्या तपासण्यांची यादी), ॲक्सेशन नंबर (प्रत्येक तपासणीच्या ऑर्डरचा क्रमांक) वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

मर्ज अजिबात करू नका. मर्ज म्हणजे 'ही दोन्ही रेकॉर्ड एकाच माणसाची आहेत' असं सिस्टिमला सांगणं. नोंदणी काउंटरने एकाच माणसाला दोन नंबर दिले असतील तर त्यासाठी ते आहे. दोन वेगळ्या माणसांवर ते वापरलं की एक सीटी नव्हे, दोघांचे आजवरचे सगळे एक्स-रे, सोनोग्राफी आणि रिपोर्ट एका गाठोड्यात जातात. मग रेडिओलॉजिस्ट तुलनेसाठी जुनी स्टडी उघडतो ती भलत्याच फुप्फुसाची. अनमर्जचं बटण असतं, पण मर्जनंतर आलेली स्टडी दोघांपैकी कोणाची, हे सिस्टिमला कळायला मार्ग नसतो. एकेक ॲक्सेशन नंबर घेऊन मूळ रिक्वेस्टशी ताडत बसावं लागतं. शिवाय तुम्ही पॅक्समध्ये मर्ज केलं आणि एचआयएसमध्ये (हॉस्पिटलच्या मुख्य नोंदणी सिस्टिममध्ये) दोन माणसं दोनच राहिली, तर दोन्ही सिस्टिम वेगवेगळं बोलायला लागतात.

आणि हा सल्ला देतं कोण? हेल्पडेस्क. नाव घेत नाही, पण 'मर्ज करून टाका, होऊन जाईल' हे एक वाक्य आम्हाला बाकी सगळ्या बिघाडांपेक्षा महाग पडलं. त्यांचं तिकीट पाच मिनिटांत बंद होतं, निस्तरणारे आपण. पेशंटच्या ओळखीबद्दलचा कुठलाही सल्ला त्यांच्याकडून लेखी घ्या. लिहून द्यायची वेळ आली की सल्ला बदलतो.

बरोबर मार्ग म्हणजे ती एकच स्टडी हलवणं. बटणाचं नाव मूव्ह, रिअसाइन, रिकन्साइल असं काहीही असेल. पण त्याआधी ती स्टडी रिपोर्टिंगच्या यादीतून बाजूला काढा. रिपोर्ट फायनल झाला असेल तर रेडिओलॉजिस्टला आणि दोन्ही पेशंटच्या डॉक्टरांना फोन करा, मेलवर भागवू नका. रिपोर्ट तुम्ही पुसायचा नाही. तो रेडिओलॉजिस्टने दुरुस्त करायचा, म्हणजे आरआयएसमधून (रेडिओलॉजी विभागाच्या ऑर्डर-रिपोर्टच्या सिस्टिममधून) दुरुस्त रिपोर्टचा संदेश एचआयएसला जातो आणि वॉर्डात दिसणारी जुनी प्रत बदलते. ती खरंच बदलली का, हे वॉर्डच्या स्क्रीनवर उघडून बघा.

मग फोटो नक्की कोणाचे, ते ठरवा. हेडरमधल्या (फोटोच्या फाइलला जोडलेल्या माहितीतल्या) नावावर विश्वास ठेवायचा नाही, कारण घोळ तिथेच आहे. कन्सोलवरची (मशीन चालवायच्या कॉम्प्युटरवरची) स्कॅनच्या सुरुवातीची वेळ, कॉन्ट्रास्टची नोंद, रिक्वेस्टवरची तक्रार आणि जुना एखादा फोटो, एवढं जुळलं पाहिजे. स्कॅन करणारा टेक्निशियन आणि तुम्ही, दोघांची सही हवी. त्यानंतर खऱ्या पेशंटच्या ऑर्डरला ती स्टडी जोडा.

इथे काम संपलं असं वाटतं आणि तिथेच गोची होते. स्टडीची प्रत कन्सोलवर असते, थ्रीडी वर्कस्टेशनवर असते, एखादी सीडी लिहून गेलेली असते. आठवड्याने कोणी कन्सोलवरून 'रिसेंड' दाबलं की जुनं नाव पुन्हा पॅक्समध्ये दाखल. स्टडी यूआयडी, म्हणजे त्या स्टडीचा एकमेव ओळख-क्रमांक, तोच असतो. मग ती नाकारली जाते, अनमॅच्डमध्ये पडते की दुरुस्त प्रतीत मिसळते, हे तुमच्या सेटिंगवर आहे. म्हणून दुरुस्तीची यादी करताना प्रतींची यादीही करा. दुसरं म्हणजे, सोनोग्राफीच्या फ्रेमवर आणि सीटीच्या किरण-डोसच्या पानावर नाव चित्रातच छापलेलं असतं. हेडर बदलला तरी ते पिक्सेलमध्ये तसंच राहतं. ती पानं वेगळी काढावी लागतात.

आता रोजच्या दहा-पंधरांकडे. माझं मत विचाराल तर अनमॅच्ड स्टडी बिचाऱ्या प्रामाणिक असतात, आपण चुकलोय हे त्या स्वतःच सांगतात. धोका आहे तो वर्कलिस्टमधली चुकीची ओळ निवडली गेल्याचा. तिथे आयडी, ॲक्सेशन, सगळं चोख जुळतं, फक्त माणूस वेगळा. कुठेच लाल दिवा लागत नाही. मोबाइल एक्स-रे मशीनवर हे फार होतं: यादीत वॉर्डातली बारा नावं आणि बोट एक ओळ खाली. उपाय एकच. यादी स्क्रोल करायची नाही, मनगटाच्या पट्टीवरचा बारकोड वाचून पेशंट आयडीनेच क्वेरी करायची, म्हणजे त्या एकाच पेशंटच्या ओळी येतात. आणि आधीच्या पेशंटची तपासणी कन्सोलवर बंद केल्याशिवाय पुढचा टेबलावर घ्यायचा नाही.

अनमॅच्डचं मूळ बहुतेक वेळा हाताने टाइप केलेला आयडी असतो. सुरुवातीची शून्यं गळतात, शून्याच्या जागी ओ पडतो. पण टेक्निशियनला झापण्याआधी त्याने टाइप का केलं ते बघा. वर्कलिस्ट रिकामी आली म्हणून. ती रिकामी का? कन्सोलचं घड्याळ एक दिवस मागे असेल तर 'आज'ची क्वेरी कालच्या ऑर्डर मागते. ऑर्डर पहिल्या सीटीवर लागलेली आणि पेशंट दुसऱ्यावर घेतला, तर एई टायटलच्या (नेटवर्कवरच्या मशीनच्या नावाच्या) फिल्टरमध्ये ती अडकते. एई टायटल जास्तीत जास्त १६ अक्षरांचं असतं आणि त्यात कॅपिटल-स्मॉलचा फरक धरला जातो. ॲक्सेशन नंबरलाही डायकॉममध्ये (वैद्यकीय फोटोंच्या देवाणघेवाणीच्या मानकात) १६ अक्षरांचीच मर्यादा आहे; आरआयएस त्याहून लांब नंबर देत असेल तर शेपूट तुटू शकतं आणि जुळणी फसते. 'सी-इको (जोडणीची चाचणी) हिरवा आहे, म्हणजे नेटवर्क ठीक' असं आयटी म्हणेल. इको फक्त पलीकडे कोणी हाकेला ओ देतंय एवढंच सांगतो. वर्कलिस्टची क्वेरी चालते की नाही, हे त्यातून कळत नाही.

आठवडाभर प्रत्येक अनमॅच्ड स्टडीपुढे मशीन आणि तास लिहा. सगळ्या एकाच मशीनच्या असतील तर कॉन्फिगरेशन, आणि ते मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरचं काम. सगळ्या रात्रीच्या असतील तर नोंदणी, आणि ते काउंटरचं काम. सर्वत्र सारख्या विखुरलेल्या असतील तरच टेक्निशियनच्या सवयींकडे वळा. ओळख देणं काउंटरचं, ओळ निवडणं टेक्निशियनचं, रिपोर्ट बदलणं रेडिओलॉजिस्टचं. आयडी चुकलाच असेल तर तो एचआयएसमध्ये दुरुस्त करून खाली येऊ द्या. परस्पर पॅक्समध्ये बदललात तर वरून पुढचा अपडेट संदेश आला की तुमची दुरुस्ती पुसली जाऊ शकते.

जाता जाता: रात्री बेशुद्ध आणलेल्या अनोळखी पेशंटसाठी तात्पुरते आयडी आधीच तयार ठेवा. ओळख पटल्यावर तिथे मर्ज योग्यच आहे, तेही एचआयएसमधून.

बटणांची नावं आणि परवानग्या प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळ्या असतात, तेव्हा आधी टेस्ट सर्व्हरवर करून बघा. पण एक गोष्ट आजच बघा. ज्याच्या नावावर कालचा सीटी चढला, त्याची ऑर्डर 'पूर्ण' दिसत असेल आणि वर्कलिस्टवरून तो गायब झाला असेल. त्याचा स्वतःचा स्कॅन झालाय का? नसेल तर त्याची ऑर्डर पुन्हा उघडून घ्या, तो कदाचित अजून वॉर्डात बोलावण्याची वाट बघत असेल.